सावध, सतर्क, दक्ष की जागरूक? पुराच्या फलकावर कोणता शब्द लिहावा?

नदीकाठचा

मंडळी, एका शब्दावरनं आमच्या तरुण मंडळात दोन तट पडलेत, म्हणून इथं विचारतो.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर सोसलेलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे आकडे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण तो बंधारा आमच्यापासनं लांब. शिवाय आमच्याकडं पाणी नुसतं वरनं येत नाही. कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही आणि पाणी मागं पसरतं. म्हणून मंडळानं ठरवलं, यंदा पावसाच्या आधी ओढ्यावरच्या पुलाजवळ आणि देवळामागं लोखंडी खांब रोवायचे, त्यावर पिवळा, नारिंगी, लाल असे पट्टे मारायचे आणि शेजारी फलक लावायचा. पाणी कुठल्या पट्ट्याला लागलं की काय समजायचं, ते त्यावर.

नारिंगीला "इशारा", लालला "धोका", इथवर कुणाची तक्रार नाही. गाडं अडलंय पिवळ्यावर. एक गट म्हणतो "सतर्क राहा", कारण पेपरात आणि टीव्हीवर तेच असतं. दुसरा म्हणतो "सावध राहा". आमच्या एका निवृत्त गुरुजींनी "दक्षता घ्यावी" सुचवलंय. माझा कौल सावधला आहे, पण का, ते मला पटवून देता येईना. या शब्दांत खरंच काही फरक आहे का?

शब्दवेल्हाळ

फरक आहे, आणि तुमचा कौल बरोबर आहे.

सावध हा संस्कृत "सावधान"चा मराठीत वापरून वापरून आखूड झालेला शब्द. स + अवधान, म्हणजे अवधानासकट. अवधान म्हणजे लक्ष. तेव्हा सावध माणूस भ्यालेला असतोच असं नाही, त्याचं लक्ष ठिकाणावर असतं. उलटा शब्द बघा: बेसावध. बेसावध म्हणजे शूर नव्हे, लक्ष नसलेला.

सतर्कमध्ये तर्क बसलाय. हिंदीत आणि बंगालीत तो याच अर्थानं पूर्वीपासून रुळलेला आहे आणि तिकडूनच आपल्या बातम्यांत आला. चूक म्हणणार नाही, पण घरातून निघणाऱ्या पोराला "सतर्क राहा रे" म्हणणारी मराठी आई मी अजून पाहिली नाही. दक्ष म्हणजे मुळात कुशल, तरबेज. कार्यदक्ष या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. "दक्षता घ्यावी" हे परिपत्रकात शोभतं, पुलावर नाही. जागरूक म्हणजे जागा असलेला, पण हल्ली तो नागरिक आणि ग्राहक या दोघांनाच चिकटला आहे.

जाता जाता सावधगिरीकडे बघा. संस्कृताच्या खांद्यावर फारसी "गिरी" बसली आणि शब्द इतका घरचा झाला की कुणाला सांधा दिसतसुद्धा नाही.

सदाशिव_बारामती

+१. सावध. विषय संपला :)

परिचारिका_सातारा

विषय कसा संपेल, आमच्याकडचा सावध राहिलाच की.

मी शस्त्रक्रिया विभागात काम करते. तिथं सावध म्हणजे शुद्धीवर. अपघाताचा पेशंट आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न "सावध हाय का?" एवढाच असतो. जखम किती मोठी, हाड मोडलंय का, हे सगळं त्यानंतर.

भूल उतरताना आम्ही बघतो ते सांगते. पेशंट डोळे उघडतो, पण नजर छतावरच्या पंख्यावरही नसते आणि माझ्यावरही नसते. त्याला सावध म्हणत नाहीत. मग हाक मारायची, नाव विचारायचं, "माझा हात दाबा" म्हणायचं, जीभ बाहेर काढायला सांगायचं. हळूहळू नजर एका जागी ठरते. मग तो कोरड्या आवाजात म्हणतो, "मंडळी कुठं हायती?" तेव्हा आम्ही दार उघडून बाहेर सांगतो, सावध झाले.

वर शब्दवेल्हाळ यांनी अवधान म्हटलंय, ते मला या नजरेवरून लगेच पटलं. नुसतं जागं असणं आणि सावध असणं यांत फरक आहे. म्हणून "जागरूक" नको.

नदीकाठचा

ताई, हे आमच्या बैठकीत असंच्या असं वाचून दाखवणार आहे.

तात्या_इचलकरंजी

लग्नात गुरुजी इतक्या वेळा सावधान म्हणतात, तरी समोरची दोघं जागची हलत नाहीत. त्यावरनं बघा या शब्दाचा परिणाम किती होतो ते!

मुक्ता_देवगड

तात्या, एक जण हलले होते ना. जांबेचे नारायण सूर्याजीपंत ठोसर. वय वर्षं बारा.

पोथीवाचक

तात्यांचा विनोद चालू द्या, पण मंगलाष्टकातल्या सावधानवर अन्याय नको. लग्नातला तो शब्द "संकट येतंय, जपा" असं सांगत नाही. घड्याळं नव्हती तेव्हा मुहूर्त घटिकापात्रावर मोजत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. मांडवात शेदोनशे माणसं, वाजंत्री, पोरांचा गलका, आणि मध्ये अंतरपाट. ठरलेला क्षण जवळ येतोय, सगळ्यांनी मन इकडे आणा, असं गुरुजी सांगत असतात. "सुमुहूर्त सावधान" हे शब्द नीट ऐका, त्यात मुहूर्ताकडेच बोट आहे.

रामदासांची बोहल्यावरून निघून जाण्याची गोष्ट परंपरेनं आलेली आहे, पण तिच्यात या शब्दाचा दुहेरी अर्थ फार सुंदर वापरलाय. सगळ्यांनी "इकडे लक्ष द्या" असं ऐकलं, त्या मुलानं "शुद्धीवर ये" असं ऐकलं. आणि पुढे दासबोधात अकराव्या दशकाच्या पाचव्या समासात लिहिलं: "मुख्य हरिकथा निरूपण, दुसरें तें राजकारण, तिसरें तें सावधपण, सर्वविषयीं." हरिकथा आणि राजकारण यांच्या रांगेत, स्वतंत्र गुण म्हणून सावधपण मांडलंय. त्याला चिकटलेला "सर्वविषयीं" हा शब्दही विसरू नका. फक्त शत्रूच्या बाबतीत सावध राहा असं ते म्हणत नाहीत.

माळकरी

पोथीवाचक यांना पुरवणी. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडा. पहिलीच ओवी: "तरी अवधान एकलें दीजे, मग सर्वसुखासि पात्र होइजे." माउली श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. दुसरं काहीही नको. सावधच्या पोटातला शब्द तो हाच. आमच्याकडे कीर्तनात बुवा मध्येच थांबून "सावध ऐका" म्हणतात, तेव्हा पेंगणारे ताठ बसतात ते भीतीनं नव्हे.

परदेशी_पाखरू

लेस्टरमध्ये माझ्या भाचीचं लग्न झालं तेव्हा नवऱ्यामुलाच्या इंग्रज आजीनं मला हळूच विचारलं, की हे सगळे सारखे एकच शब्द का म्हणतायत. मी सांगितलं, "आता लक्ष द्या" असं म्हणतायत. त्या चटकन खुर्चीच्या टोकाला सरकून बसल्या आणि शेवटपर्यंत तशाच. मांडवात खऱ्या अर्थानं सावधान त्या एकट्याच होत्या.

वऱ्हाडी_ठेचा

सावधबद्दल इतकं झालं, आता हुशारबद्दल बोला न भाऊ. हा शब्द आधी याच कामाचा होता. फारसी होशियार, म्हणजे होश असलेला, शुद्धीत असलेला. दरबारात राजा यायचा तेव्हा "होशियार" म्हणून ललकारी देत, ती काही लोकांच्या बुद्धीची तारीफ नव्हती. आपण मराठीत त्याला शाळेत घातलं आणि पहिल्या नंबरावर बसवलं.

पण जुना अर्थ पुरता गेला नाही. तापातून उठलेलं माणूस म्हणते, "आता जरा हुशारी वाटून राह्यली." इथं हुशारी म्हणजे गणित येणं नव्हे. सातारच्या ताईंनी सांगितलेला सावध आणि ही हुशारी एकाच घरातली.

खबरदारचंही तसंच. ज्याच्याकडे खबर आहे तो खबरदार. आता नुसता धमकीला उरला. "खबरदार पुढे पाऊल टाकशील तर!" नदीकाठच्या दादांनी फलकावर खबरदार लिहू नये, नाहीतर लोक नदीशीच भांडायला जातील.

मुक्ता_देवगड

आमच्या मालवणीत तर सगळ्यावर एकच उपाय, जपणे. कोणीही घरातून निघालं की आजी ओट्यावरून म्हणणार, "जपान जा रे." मुंबईत वाढलेली माझी आतेबहीण लहानपणी सुट्टीत आली होती. दोन दिवसांनी तिनं आईला विचारलं, की आजी सगळ्यांना जपानला का पाठवते?

शब्दवेल्हाळ

मुक्ताताई, मस्त! आणि जपणे हा शब्द इथं हवाच होता. सावधमध्ये लक्ष आहे, जपण्यात लक्षाबरोबर जीवही आहे. तब्येतीला जपा म्हणतो, तब्येतीला सावध राहा म्हणत नाही.

अवांतर: अवधानचा भाऊ व्यवधान. संस्कृतात अर्थ अडथळा, मध्ये आलेलं अंतर. मराठीत मात्र "तिच्यामागे हजार व्यवधानं आहेत" म्हणजे हजार ठिकाणी लक्ष अडकलेलं. एक लक्ष असेल तर अवधान, विखुरलं तर व्यवधान.

जुन्नरकर_शेतकरी

धागा वाचतोय. पंडितांचं चालू द्या, मी शेतातला सावध सांगतो.

आमच्या पट्ट्यात उसात बिबट्या आहे. गावोगाव वनखात्याच्या पाट्या आहेत, त्यावर "सावधान" आहे. आता पाटी वाचून माणूस काय करणार? पहिले काही दिवस नुसती भीती. मग भीती अंगवळणी पडते आणि पाटी दिसेनाशी होते. खरं सावधपण आम्ही हळूहळू शिकलो, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. पहाटे पाणी धरायला जाताना फोनवर गाणी मोठ्यानं लावायची. हातात घुंगरू बांधलेली काठी. उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसून काम करायचं असेल तर दुसरं माणूस उभं पाहिजे, कारण वाकलेलं माणूस त्या जनावराला त्याच्या शिकारीएवढं दिसतं. अंधार पडला की लहान पोर ओट्यावरसुद्धा एकटं नाही.

म्हणून माझं म्हणणं: शब्द कोणताही घ्या, पण त्याच्या खाली करायचं काय ते लिहा. नाहीतर तुमचा खांब उभा राहील आणि तिसऱ्या वर्षी त्यावर वाळवण टाकतील.

हवापाणी

जुन्नरकरांशी पूर्ण सहमत, आणि याला हवामानखात्याचं उदाहरण आहे. त्यांच्या चार रंगांना चार वेगळ्या सूचना जोडलेल्या आहेत. हिरवा: काही करायला नको. पिवळा: परिस्थितीवर लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा. लाल: आता हालचाल करा. म्हणजे रंगामागे क्रियापद आहे. आपल्या बातम्यांत मात्र "यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट" होतं. तिन्हीला तोच शब्द, फक्त रंग वेगळा. रंगाचा क्रम ज्याला माहीत नाही त्याला तिन्ही सारखेच. पिवळ्याला घाबरलेला माणूस चार वेळा पाऊस न आल्यावर लालला ढिम्म हलत नाही.

तेव्हा पिवळ्याला "लक्ष ठेवा", नारिंगीला "तयार राहा", लालला "निघा". नामं, विशेषणं सगळी काढून टाका. सावधसुद्धा.

पोथीवाचक

इथे मी असहमत. क्रियापदं हवीतच, पण सावध काढू नका. फलक वाचला जातो, तसा तो ओरडलाही जातो. रात्री पाणी पिवळ्याला लागलं आणि तुमचा कार्यकर्ता गल्लीतून सांगत निघाला, तर तो "लक्ष ठेवा" असं ओरडेल का? "सावऽऽध" असा आवाज लांबवता येतो, "सा" वर दम घेता येतो. "सतर्क" तोंडातून सुटताच आपटतो. हाक म्हणून सावधच चालतो.

गडवाट

+१. दोरावर असताना वरून दगड सुटला की आम्ही "दगड!" एवढंच ओरडतो, वाक्य नाही. हाक एका शब्दाचीच पाहिजे. पण ती हाक आली की डोकं कड्याला चिकटवायचं, वर बघायचं नाही, हे आधी शिकवलेलं असतं. म्हणजे हवापाणी आणि पोथीवाचक दोघंही बरोबर.

रानडे_मास्तर

शाळेतल्या कवायतीत "सावधान" आणि "विश्राम", संघाच्या शाखेत "दक्ष" आणि "आरम". दोन्हीकडे टाचा जुळवून ताठ उभं राहायचं असतं, पण मला त्यातला सावधान जवळचा वाटतो, कारण तोच शब्द मांडवात आणि पोथीतही भेटतो. दक्षला सरकारी जागा चांगली मिळाली आहे. दिल्लीच्या आयोगाला हिंदीत केंद्रीय सतर्कता आयोग म्हणतात, आपण मराठीत दक्षता आयोग म्हणतो. तिथे तो राहू दे.

जुना_वाडा

सगळ्यांचं वाचून एक वाटलं. पूर्वी गावाला अशा पाट्या लागत नव्हत्या. गावाला जागल्या असायचा, वेशीवर येसकर असायचा, रात्रीची गस्त असायची. गाव निर्धास्त झोपायचं. ती पद्धत गेली आणि सावधपणही गेलं.

पायवाट

जुना_वाडा, राग मानू नका, पण हे एवढ्यावर सोडता येणार नाही.

गाव निर्धास्त झोपायचं, म्हणजे कोण झोपायचं? जागल्या, तराळ, येसकर ही कामं कोणी हौसेनं घेतलेली नव्हती. येसकरकी महारांकडे होती. रात्री वेशीवर थांबायचं, आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची, सरकारी माणसाच्या पुढे धावायचं, आणि बदल्यात तुटपुंजं वतन आणि दारोदार मागायची भाकर. खानदेशात जागले बहुधा भिल्ल असत. पुण्या-साताऱ्याकडे रामोशी. गावात चोरी झाली तर चोराचा माग काढून तो पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा, नाहीतर नुकसान भरून द्यायचं, ही जबाबदारी राखणदारावर. ज्यांच्या भरवशावर मुलूख झोपत होता, त्याच रामोशांमधल्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणून इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडलं ते याच वेठीच्या विरोधात. कनिष्ठ गावकामगारांची वतनं शेवटी १९५८ च्या कायद्यानं रद्द झाली.

माझ्या आजोबांचे वडील येसकर होते. घरात त्या काठीची आठवण कुणी कौतुकानं काढत नाही. तेव्हा "सावधपण गेलं" असं नका म्हणू. एका जातीवर टाकलेलं सावधपण गेलं. नदीकाठचे यांचं मंडळ खांब रोवतंय तो मला म्हणूनच आवडला, त्यात जागायची पाळी सगळ्यांची आहे.

जुना_वाडा

पायवाट, हे तुम्ही लिहिलंत ते चांगलं केलंत. माझ्या डोळ्यापुढे फक्त झोपलेलं गाव होतं. पाळी सगळ्यांची, हे मान्य.

वऱ्हाडी_ठेचा

पायवाट यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा.

जागल शब्द मात्र आमच्याकडं अजून रोजचा आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पिकात शिरतात, म्हणून माणूस रात्री "जागलीला" जाते. मचाणावर बसून डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची, मध्येच हाळी द्यायची. शेजारच्या मचाणावरून उलट हाळी आली म्हणजे तोही जागा आहे. हाळी आली नाही तर समजायचं, गडी झोपला, डुकरं आता इकडून तिकडं नाही, तिकडून इकडं येणार!

दर्या_पणजी

गोव्यात आणि तळकोकणात जागल माणसानं केली तरी वर एक राखणदार असतोच. गावाची वेस राखणारा, रात्री फेरी मारणारा. त्याच्या चपलांचा, काठीचा आवाज ऐकल्याचं सांगणारे अजून भेटतात. आमच्याकडे त्याला सोरो-रोट देतात, दारू आणि रोट. मळ्यात मानस, म्हणजे बांधातलं पाणी अडवायचं दार, फुटली, पाणी शिरलं तर आधी राखणदाराचं काही राहिलंय का ते बघतात आणि लगेच कुदळ-घमेलं घेऊन बांध घालायला धावतात. दोन्ही एकाच दमात. मला त्यात विसंगती वाटत नाही. राखण हा शब्दच तसा आहे, देव राखतो आणि माणूसही राखतो.

नरसोबाची_वाडी

मी धागाकर्त्यांच्या शेजारचाच. एक गोष्ट इथे बाहेरच्या मंडळींना माहीत नसेल. आमच्या वाडीत पाणी चढणं ही आधी आनंदाची गोष्ट असते. कृष्णेचं पाणी देवळात येऊन दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा. लोक त्या पाण्यात स्नानाला लांबून येतात. म्हणजे चढतं पाणी बघितलं की आमच्या माणसाचा हात आधी जोडला जातो.

त्यामुळे पिवळ्या पट्ट्याला भीती घालणारा शब्द इथे चालणारच नाही, लोक म्हणतील काय अभद्र लिहिलंय. आणि "दक्षता घ्यावी" लिहिलं तर वाचणारच नाहीत. सावध चालेल, कारण तो शब्द लग्नात आहे, कीर्तनात आहे, तो अशुभ नाही. हे कारण तुमच्या बैठकीत नक्की सांगा.

आणि जुन्नरकर म्हणतात ते खरं. २०१९ ला माणसं अडकली ती पाणी दिसलं नाही म्हणून नव्हे. दावणीला म्हसरं होती. म्हैस सोडून कोण निघणार? होडी दारात आली तरी लोक येत नव्हते. लालला नुसतं "निघा" लिहून उपयोग नाही, जनावरं त्याच्या आधीच्या पट्ट्याला हलली पाहिजेत.

परिचारिका_सातारा

त्याच आधीच्या पट्ट्याला दिवस भरलेल्या बाया, ओल्या बाळंतिणी आणि अंथरुणावरची म्हातारी माणसंही हलवा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन, आणि जुन्या केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये. छावणीत आल्यावर "पांढरी गोळी हुती" एवढंच सांगता येतं, मग आम्हाला अंदाजावर चालावं लागतं.

हवापाणी

पोथीवाचक आणि वाडीच्या दादांनी माझं मत बदललं. सावध राहू द्या, खाली क्रियापद द्या.

नदीकाठचा

काल रात्री बैठक झाली. धाग्यातले पाच-सहा प्रतिसाद मोठ्यानं वाचले. सातारच्या ताईंचा वाचला तेव्हा सगळे गप्प होते, वाडीच्या दादांचा वाचला तेव्हा सतर्कवाले मान हलवायला लागले. पायवाट यांचा वाचल्यावर एका पोरानं स्वतः होऊन पाळ्यांचा तक्ता काढला, प्रत्येक गल्लीतली दोन घरं, आठवड्याला बदल. गुरुजींनी दक्षता मागं घेतली, पण शुद्धलेखन तपासायची जबाबदारी त्यांनी घेतली आहे.

मजकूर असा ठरलाय:

पिवळा: सावध! पाळीवाल्यांनी दर दोन तासांनी पाणी बघावं. कागदपत्रं आणि औषधं एका पिशवीत भरा.
नारिंगी: इशारा! जनावरं माळावर हलवा. गरोदर बाया, बाळंतिणी, लहान पोरं, आजारी माणसं आधी पोचवा.
लाल: धोका! दिवे बंद करा, गॅस बंद करा, निघा. कुणाची वाट बघू नका.

काही राहिलं असेल तर सांगा, रंगारी रविवारी येणार आहे.

जुन्नरकर_शेतकरी

झकास. "दिवे बंद करा" नको, "मेन स्विच पाडा" लिहा. दिवा बंद केला तरी वायरीत करंट राहतो.

गडवाट

फलक खांबाशेजारी लावणार असाल तर लालच्या वेळी तोच पाण्यात असेल. वरच्या बाजूला, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घ्या. आणि पट्ट्यांना रेडियम लावा, पाणी रात्रीही चढतं. बॅटरी मारली की लांबून दिसलं पाहिजे.

तात्या_इचलकरंजी

पाणी चढलं की लाईट जाते, मग तुमचा भोंगा बंद. सांगणार कसं?

नदीकाठचा

मेन स्विच, शाळेची भिंत, रेडियम, तिन्ही घेतलं. तात्या, भोंग्याऐवजी हलगी. वरच्या आळीत एक आणि खालच्या आळीत एक अशा दोन ठेवायच्या ठरल्यात. पिवळ्याला थांबून थांबून, नारिंगीला सलग, लालला देवळाची घंटापण. येत्या शनिवारी कोरड्यातच एकदा वाजवून बघणार आहोत. खालच्या आळीतल्या शेवटच्या घरापर्यंत आवाज पोचतो का ते बघून इथं लिहितो.